धाकटीचे साहेब

७ जानेवारी

धाकटीचा कुत्रा माझ्या घरात आला आहे आणि तो मी आपण होऊन आणला आहे. हे वाक्य लिहून पुन्हा वाचून पाहिलं. अक्षर माझंच आहे.

आज उपासना संपताना पाळकांनी जाहीर केलं, की माझ्या धाकट्या जावेच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय, बाहेरगावच्या मोठ्या हॉस्पिटलात. ऑपरेशन, पुढचे उपचार, मग विश्रांती, असे काही महिने ती लेकीकडे राहणार. लेकीच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, घरात दुसरं माणूस नाही. तर कुणी तिचा कुत्रा सांभाळेल का? भरलेलं चर्च एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागलं. मी हात वर केला. आमच्या ह्यांना वाटलं, मला ऐकू नीट आलेलं नाही. त्यांनी माझं कोपर धरून हात खाली ओढायला बघितलं. धाकटीने मागे वळून पाहिलं. तो चेहरा बघायला मिळावा म्हणून मी दोन कुत्रीही सांभाळली असती.

कारण आम्ही बोलत नाही. सासूबाईंच्या अंत्यविधीपासून बोलत नाही, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. का, ते कुणालाच ठाऊक नाही. इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे मन पातळ झालं तर उपयोगी पडेल. सासूबाई शेवटची कित्येक वर्षं आमच्याकडे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं मी केलं. सगळं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल. दुधात कुस्करलेला पाव घास घास करून भरवण्यात माझी सकाळ जायची आणि शिवायचे पडदे मशीनवर तसेच लोंबत राहायचे. धाकटी यायची रविवारी, उपासनेनंतर. चांगली साडी, अत्तर, सोबत कुत्रा. पलंगाच्या कडेला टेकून गोड गोड बोलायची आणि जायची. अंत्यविधीला आमच्यात साक्षीची वेळ असते, गेलेल्या माणसाबद्दल ज्याला सांगायचं त्याने माइकवर जाऊन सांगायचं. मी उठणार तेवढ्यात ही उठली. म्हणाली, आईंना शेवटी माझ्याच हातचा घास जायचा, मी भरवलं तरच खायच्या. मंडळी रडली. पाळक रडले. हेही माझ्या शेजारी बसून रडले, पण उठून एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मी शवपेटीपुढे जाऊन काय सांगणार होते, की तो घास माझा होता?

मागच्या रविवारी पाळकांनी वैऱ्यावरचं प्रवचन केलं. वैरी उपाशी असेल तर त्याला खायला घाला, त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखं होईल. शास्त्र माझ्या मनातलं इतकं स्पष्ट कधी बोललं नव्हतं. पाळक पुढे प्रेमाबद्दल बरंच काही म्हणाले, पण मी निखाऱ्यांवरच थांबले. कुत्रा म्हणजे पहिला निखारा. ती बरी होऊन येईल, कुत्रा गुटगुटीत बघेल, शरमेने अर्धी होईल, आणि मग त्याच माइकवर उभी राहून खरं सांगेल. मला एवढंच हवंय. खरं, तिच्या तोंडून, सगळ्यांसमोर.

८ जानेवारी

कुत्र्याचं नाव साहेब. ती त्याला अहोजाहो करते. रंग गोणपाटाचा, एक कान उभा, एक पडलेला, वय झालेलं, आणि अहो साहेब. मी त्याला ए म्हणते.

कालपासून जेवलेला नाही. दाराकडे तोंड करून पडलाय. बशीत चांगली उकडलेली कलेजी घातली, वास घेऊन पुन्हा दाराकडे वळला. हे म्हणाले, दे थोडा वेळ. मी म्हटलं, उपाशी मेला तर निखारे माझ्याच डोक्यावर.

१० जानेवारी

जेवला. पण कसा, ते लिहायला लाज वाटते.

मला धाकटीची नक्कल हुबेहूब येते. नाकातून, सुरात, शेवटचा शब्द लांबवत. वर्षानुवर्षं मी जेवणाच्या टेबलावर ह्यांच्यापुढे ती करत आले आहे, दुसरी करमणूक काय असते आम्हाला. काल ह्यांना सांगत होते की ही बया कुत्र्याला जेवायला कशी बोलवत असेल, आणि तिचा आवाज काढून म्हटलं, "अहो साहेऽब, येताय ना गडे जेवायला?" साहेब ताडकन उठला. धावत स्वयंपाकघरात आला, माझ्यामागे बघितलं, टेबलाखाली बघितलं, दोन्ही खोल्या हुंगून आला. मग येऊन बशी चाटूनपुसून संपवली. हे हसले नाहीत. मी हसले, पण जरा उशिरा.

१९ जानेवारी

हॉटेलच्या पडद्यांची मोठी ऑर्डर. साहेबाला मशीनच्या पायडलवर हनुवटी ठेवून झोपायची सवय लागलीय. मी पाय मारला की त्याचं डोकं वरखाली होतं, तरी उठत नाही.

दुपारी मी चहाला उठले तेवढ्यात त्याने अस्तराची अख्खी कड चावून ठेवली. लाकडी पट्टी सणसणीत हाणली. केकाटत पलंगाखाली गेला. थोड्या वेळाने बाहेर आला आणि माझ्याच पावलावर डोकं ठेवून झोपला. असला प्राणी. आत्मसन्मान म्हणून काही नाही.

पाळक भेटायला आले होते, त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, बाई, यालाच आपण क्षमा म्हणतो. मी म्हटलं, याला विसरभोळेपणा म्हणतात, आणि तो मला परवडत नाही. ते चहा पीत हसले. निघताना म्हणाले, कुत्र्याबरोबर राहून विश्वासाबद्दल काय शिकलात ते एखाद्या रविवारी साक्षीत सांगा, मंडळीला ऐकायला आवडेल. मी लगेच हो म्हटलं. त्याच माइकवर मी उभी आणि ती समोर बसलेली. देव मागितलेलं देतो, फक्त वेळ लावतो. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुत्र्याने काहीतरी पाडलं, मी तिच्या सुरात "अहो साहेब, हे काय गडे" म्हटलं, तर दारातून पाळकच वळून आले. त्यांनाही सगळे साहेबच म्हणतात.

३ फेब्रुवारी

पुतणीचा फोन आला. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जिवाला धोका नाही, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती श्वास गळ्याच्या छिद्रातून घेणार. बोलू शकणार नाही. कधीच.

मी फोनवर जे बोलायचं ते बोलले. ठेवल्यावर मशीनपाशी येऊन बसले. खोटं कशाला लिहू. पहिला विचार हाच आला, की देवाने जागा बरोबर निवडली. ज्या गळ्याने खोटी साक्ष दिली तो गळाच. हात काढला नाही, पाय काढला नाही. गळा. न्याय असा असतो. आज एका बैठकीत चार पडदे शिवले आणि शिवण कुठे वाकडी गेली नाही.

४ फेब्रुवारी

मग खरं कोण सांगणार? हे माझ्या काल लक्षातच आलं नव्हतं. सकाळी दात घासताना आलं. देवाने न्याय केला आणि माझा साक्षीदार मारून टाकला.

ह्यांना म्हटलं, देवाला एवढीही कळ निघाली नाही. हे बूट घालत होते, लिफ्टच्या दुरुस्तीला निघाले होते. म्हणाले, देवाने काही केलं नाही, गाठ झाली होती. ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

११ फेब्रुवारी

आज एक गोष्ट कळली. उपासनेहून आलो तर साहेब खाली फाटकाशी बसलेला. रविवारी ती त्याला आमच्याकडे आणायची ना, म्हणून रविवारी तो तिथे बसतो. माझ्या घरात राहतो, माझं खातो आणि तिची वाट बघतो. आणि का बघणार नाही? रोज दोन वेळा मीच तिचा आवाज काढून त्याला सांगतेय की ती इथेच आहे, भिंतीपलीकडे. एवढी कलेजी घालून मी तिचीच जागा राखतेय.

आजपासून नक्कल बंद. माझ्या आवाजात बोलवीन. यायचं तर ये, नाहीतर राहा उपाशी. तिने माझी सेवा आपल्या नावावर केली. मी तिचा कुत्रा माझ्या नावावर करते. ती येईल, दारात उभी राहील, आणि तो तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. ते सगळ्यांसमोर झालं नाही तरी चालेल. तिने बघितलं म्हणजे पुरे.

१४ फेब्रुवारी

खात नाही. मीही माघार घेत नाही. हे मध्येच म्हणाले, त्याचं काय चुकलं? मी म्हटलं, माझं काय चुकलं होतं?

१६ फेब्रुवारी

खाल्लं. माझ्या हातातून, माझ्या आवाजाला. "ए, ये इकडे," म्हटलं आणि सरपटत आला, शेपटी खाली. एकेक तुकडा घेतला. बोटांना दात लागू नयेत म्हणून ओठांनीच घेतो. जिंकले. आनंदाने रडू आलं, दुसरं काही नाही.

२ मार्च

आता तो माझ्यामागे सगळीकडे येतो. न्हाणीच्या दाराशी बसतो. गिऱ्हाईक आलं की माझ्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये उभा राहतो. हॉटेलचा मॅनेजर पडदे न्यायला आला आणि चुण्या मोजताना जरा आवाज चढवला, तर याने असे दात दाखवले की माणूस मोजायचंच विसरला. माझ्या बाजूने कुणी उभं राहिल्याला किती वर्षं झाली ते आठवावं लागलं.

साक्षीची तयारी चालू आहे. मुद्दे चांगले सुचताहेत. कुत्रा मालकाचा आवाज ओळखतो, तसं आपण प्रभूचा ओळखायला हवा. पण काही लोक गोड आवाज काढून दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं नेतात. इथे थांबून तिच्याकडे बघायचं. कुत्रा केलेलं बोलून दाखवत नाही. काही लोक न केलेलंही बोलून दाखवतात. इथेही थांबायचं. तिला उठून उत्तर देता येणार नाही, ही सोय आहे.

९ मार्च

साहेबाने परवा खाली मागच्या अंगणात हाड पुरलं होतं. आज सकाळभर उकरत होता. माझी गुलाबाची दोन रोपं गेली, पण मी ओरडले नाही. ह्यांना बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा, जे पुरलं ते हा विसरत नाही. साक्षीत घेणार आहे. हे बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "अगं, तो विसरलाय. हाड तिकडे कुंपणापाशी आहे. कुठे पुरलं ते आठवत नाही म्हणून सगळीकडे उकरतोय."

हा मुद्दा साक्षीतून काढला.

१५ मार्च

ताप. अंग मोडून आलंय. साहेब पलंगापासून हलला नाही. हे पेज करून घेऊन आले, चमच्याने भरवायला लागले आणि मला काय झालं कोण जाणे, मी चमचा हिसकावून घेतला.

पडल्या पडल्या सासूबाई आठवल्या. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मी घास पुढे केला की म्हणायच्या, आलीस का धाकटे, तुझ्या हाताला चव आहे. रोज. पहिले काही दिवस मी सांगितलं, आई, मी थोरली. त्या तोंड मिटून घ्यायच्या. मग मी सांगणं सोडलं. धाकटे म्हणाल्या की मी ओ द्यायची. एकदा तर तिचा आवाज काढून म्हटलं, घ्या ना आई. पूर्ण वाटी संपली.

म्हणजे शेवटी सासूबाईंनाही घास तिचाच वाटला. त्यांनी तिला तसं सांगितलं असेल, रविवारी, आणि तिने ऐकून घेतलं असेल. पण तिला ठाऊक होतं की ती भरवत नव्हती. हे मी विसरणार नाही. ताप उतरला की विसरीन असं कुणी समजू नये.

२९ मार्च

पुतणीचा फोन. आई पुढच्या शनिवारी घरी येतेय, सरळ साहेबाला न्यायला येईल. साहेब कसा आहे, तिला फार काळजी लागलीय, हाताने विचारत असते. मी म्हटलं, मजेत आहे गं. आता तुझ्या आईला ओळखतो की नाही, कोण जाणे. पोरीने फोन ठेवला. मला वाटलं होतं, यापेक्षा जास्त बरं वाटेल.

६ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

चारच्या सुमारास ती आली. हे घरीच होते. पुतणी खाली टॅक्सीपाशी सामान बघत होती. धाकटी एकटी वर आली. गळ्याला पातळ रुमाल, अंगावरचं मांस उतरलेलं, ब्लाउज खांद्यावरून घसरत होतं. अत्तर नाही, औषधांचा वास. हातात मुलं खेळतात तसली पाटी, लिहून पुसायची. माझ्या मनात आलं, आता लिहील, माफ करा. तिने लिहिलं, नीट जेवतो ना?

मी म्हटलं, तूच बघ.

साहेब मशीनपाशी होता. उठला, दोन पावलं पुढे आला. तिने खाली बसून हात पसरले आणि तोंड उघडलं. मला ओठांवर दिसलं, अहो साहेब. बाहेर आली ती नुसती हवा, रुमालाखालून, फसफस. साहेबाचे कान मागे गेले. तो मागे सरकला आणि माझ्या पायांमागे येऊन उभा राहिला. ती पुन्हा बोलली. पुन्हा तीच फसफस. तो गुरगुरला, हळू, माझ्या साडीच्या आडून.

हे झालं. एवढ्यासाठी मी फेब्रुवारीत झगडले होते. हुबेहूब मनासारखं झालं. ती तशीच हात पसरून बसली होती आणि ओठ हलवत होती, बोलवत होती, बोलवतच होती. तिला वाटत असावं की पुरेसा जोर लावला तर निघेल. मला ते बघवेना. मी मनाला सांगितलं, शवपेटी आठव. आठवली. तरी बघवेना.

मी तिच्या बाजूने गेले आणि दाराबाहेर जिन्यात तिच्या पाठीमागे उभी राहिले. साहेब माझ्यामागे निघाला होता, तेवढ्यात मी तिचा आवाज काढला. नाकातून, सुरात. "अहो साहेऽब, येताय ना गडे?"

तो जागच्या जागी थांबला. आवाज तिच्या दिशेने आला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, नाक पुढे केलं, तिचे हात हुंगले, मनगट हुंगलं. मी पुन्हा म्हटलं, "किती वाट बघायला लावता?" आणि मग तो तिच्यावर असा कोसळला की ती मागे माझ्या पायांवर पडली. तिचं तोंड चाटत होता, ओरडत होता, पुन्हा चाटत होता. ती रडत होती की हसत होती, आवाज नसला की कळत नाही.

मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही नक्कल एका दिवसात जमलेली नाही, हे तिला कळलं असणार. किती वर्षं मी तिची टर उडवत होते ते सगळं तिने आत्ता ऐकलं होतं. मला कुठे तोंड लपवू असं झालं. तिने माझा हात धरला आणि बोटाने खूण केली. पुन्हा.

मी पुन्हा म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

ते गेल्यावर ह्यांनी बशी धुऊन ठेवली. मी म्हटलं, जिंकलेला कुत्रा हातानं देऊन टाकला, माझ्यासारखी मूर्ख मीच. रात्री पायडलवर पाय ठेवला तर मशीन फारच हलकं चाललं.

९ एप्रिल

फोन. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास आणि टकटक. मी ठेवणार होते, मग कळलं. म्हटलं, खात नाही का? टकटक. फोन त्याच्या कानाशी धर. टकटक. हे समोर बसलेले असताना मी फोनवर गडेगडे करत साहेबाला जेवायला बोलावलं.

असं रोज कसं चालायचं. हिला काही कामधंदा नाही, मला आहे.

१८ एप्रिल

रोज संध्याकाळी जातेय. काय करणार, तिच्या घरातून बोलवलं तर तो लवकर ऐकतो. माझं तिच्यावरचं मत बदललेलं नाही. मी बोलवते आणि ती टाळी वाजवते, म्हणजे हळूहळू टाळीवरच येईल, अशी युक्ती मी काढलीय. पाटी ती आता क्वचितच घेते. तिच्या ओठांवरचं मला बहुतेक कळतं. इतकी वर्षं तिचं तोंड मी बारकाईने बघत आलेय, ते असं उपयोगी पडलं.

झालेल्या गोष्टीबद्दल ती एक अक्षर काढत नाही. मीही तिला तो विषय काढून देणार नाही. परवा पाळकांनी आठवण केली, अठ्ठावीसला माझी साक्ष. कागद तयार आहे. एक ओळ बदललेली नाही.

२८ एप्रिल

आज साक्ष झाली.

मी कागद घेऊन माइकपाशी गेले. धाकटी दुसऱ्या बाकावर होती, गळ्याला निळा रुमाल. चष्मा लावला, घसा खाकरला, पहिली ओळ वाचणार तोच ती उठली. सगळ्यांच्या देखत चालत वर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. त्याच जागी, जिथे अंत्यविधीला उभी होती. माझा दंड घट्ट धरला. पाळक खालून म्हणाले, "त्यांना काही सांगायचं दिसतंय. बाई, तुम्हाला त्यांचं कळतं, तुम्हीच सांगा आम्हाला."

ती माझ्याकडे तोंड करून बोलली. मंडळीकडे तिची पाठ होती. ओठ सावकाश हलवत होती, मला एकही शब्द सुटू नये म्हणून. "ताई, आईंना मी नाही भरवलं. तुम्ही भरवलंत. मी इथे खोटं बोलले. सांगा त्यांना."

माइकवर फक्त हवा आली. सगळे माझ्याकडे बघत होते. मला जे हवं होतं ते सगळं तिथे होतं. तोच माइक, तीच मंडळी, खरं, तिच्या तोंडून. फक्त आवाज माझा लागत होता.

मी म्हटलं, "ती म्हणतेय, साहेब आता बरा जेवतो. प्रार्थना केलीत त्याबद्दल देवाचे आभार."

तिने माझ्याकडे बघितलं. जोराने नाही म्हणून मान हलवली. दंड आणखी घट्ट धरला आणि पुन्हा सगळं म्हणाली, मोठमोठे ओठ करून. रुमाल श्वासाने फडफडत होता. मी पुन्हा माइककडे वळले. म्हटलं, "आणि मंडळीचेही."

सगळे आमेन म्हणाले. कागद मी पर्समध्ये घातला, म्हटलं, कुत्र्याबद्दल पुन्हा कधीतरी, आणि तिला हाताला धरून जागेवर नेऊन बसवलं. माझा दंड ती बाकावर बसल्यावरही सोडेना.

का केलं, ते मला अजून कळलेलं नाही. घरी येईपर्यंत कारण जुळवत होते. एक कारण असं, की आता तिची सुटका नाही. सांगून मोकळी झाली असती. आता आम्हा दोघींनाच ठाऊक, आणि रोज संध्याकाळी तिला माझं तोंड बघायचंय. यापेक्षा मोठा सूड नाही. हे कारण मला पटलं. पण हे नंतर सुचलं. माइकपाशी उभी होते तेव्हा डोक्यात एकच होतं, की हिच्याकडे एवढा एकच आवाज आहे आणि तो आपण हिच्याविरुद्ध वापरायचा नाही.

येताना स्कूटर हे चालवत होते. ते पहिल्या बाकावर, एका टोकाला बसले होते. तिथून तिचा चेहरा बाजूने दिसत असणार. चौकात लाल दिवा लागला तेव्हा मान न वळवता म्हणाले, "धाकटी तेवढंच म्हणाली?"

"तेवढंच."

"दोनदा?"

मी म्हटलं, पुढे बघा, सिग्नल सुटला.